सूची शेवटी करायची, की लिहिता लिहिता?

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. आमच्या मालसाठा आणि बिलिंगच्या सॉफ्टवेअरचं मराठी यूजर गाइड मी आणि एक सहकारी मिळून लिहितो. साधारण २८० पानं, १४ प्रकरणं, सगळं वर्डमध्ये. रिलीजला दहा आठवडे आहेत. पाच प्रकरणं डेव्हलपरांकडून तपासून आली आहेत, बाकीची कच्ची आहेत. मागच्या आवृत्तीची सूची (पुस्तकाच्या शेवटी येणारी, शब्दांपुढे पानक्रमांक देणारी यादी) शेवटच्या दोन दिवसांत उरकली होती. त्यात ‘सेटिंग्ज’ या एकाच शब्दापुढे ३१ पानक्रमांक आले आणि ‘ॲप’ हा शब्द ‘ह’च्याही नंतर जाऊन बसला. सपोर्टवाले म्हणतात, ती सूची कोणी उघडतच नाही. या वेळी सहकाऱ्याचं म्हणणं आहे की पहिल्या ओळीपासून खुणा घालत जाऊ. आमच्या व्यवस्थापकांचं म्हणणं आहे की मजकूर पूर्ण होईपर्यंत सूचीला हातच लावू नका. शिवाय गाइड पुढे वेबवरही जाणार आहे. तिथे सर्च असताना सूची हवीच का? आणि हवी असेल तर ती नेमकी कधी करायची?

उत्तर

नमस्कार. सूची करणं म्हणजे प्रत्यक्षात तीन कामं असतात आणि तिघांची वेळ वेगळी असते. शब्द ठरवणं आजपासून सुरू करा. मजकुरात खुणा घालणं, म्हणजे कुठला विषय कुठे आहे ते सूचीसाठी नोंदवणं, एकेक प्रकरण तपासून आलं की करा. आणि तयार झालेल्या यादीचं संपादन मजकूर गोठल्यावर, म्हणजे त्यातले बदल थांबल्यावर, पण छपाईची पीडीएफ निघण्याच्या निदान दोन आठवडे आधी करा. तुमच्या सहकाऱ्याने सांगितलेली वेळ पहिल्या कामाला लागू पडते, व्यवस्थापकांनी सांगितलेली तिसऱ्याला. मधलं काम, ज्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो, त्याची नेमकी वेळ दोघांच्याही बोलण्यात निसटली आहे.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. शाळेच्या वहीपासून आपल्याला ‘इंडेक्स’ म्हणजे पहिल्या पानावरची अनुक्रमणिका अशी सवय असते, आणि डेव्हलपरांना ‘इंडेक्स’ म्हटलं की डेटाबेसचा इंडेक्स आठवतो. इथे बोलणं चाललंय ते पुस्तकाच्या शेवटी येणाऱ्या, अकारविल्हे लावलेल्या सूचीबद्दल. चमूत बोलताना ‘सूची’ हाच शब्द ठेवा. ‘इंडेक्सचं काम बाकी आहे’ हे वाक्य बैठकीत दोन माणसं दोन अर्थांनी ऐकतात.

पहिल्या ओळीपासून खुणा का नकोत

कच्च्या मजकुरात घातलेली खूण टिकत नाही. वर्डमध्ये सूचीची खूण म्हणजे मजकुरात लपवलेलं एक एक्सई फील्ड, म्हणजे वर्डला दिलेला संकेत, असतं. परिच्छेद उचलून दुसरीकडे नेला तर ती बरोबर जाते, हे खरं. पण परिच्छेद निवडून त्यावरच नवीन वाक्य टाइप केलं की खूण गुपचूप पुसली जाते. परिच्छेदाचे दोन केले तर खूण वरच्या भागात राहते आणि स्पष्टीकरण खालच्या भागात जातं. एका प्रकरणाची दोन प्रकरणं झाली की उपनोंदी, म्हणजे मुख्य शब्दाखालच्या नोंदी, चुकीच्या ठरतात. आणि रिलीजच्या तीन आठवडे आधी कोणीतरी ठरवतं की ‘गोदाम’ हे नाव बदलून ‘साठवण केंद्र’ करायचं. मेनूतला शब्द दहा मिनिटांत बदलतो, पण खुणा दिसत नसल्यामुळे त्यातला ‘गोदाम’ तसाच राहतो आणि सूचीत उगवतो.

यापेक्षा मोठी अडचण अशी की पहिला खर्डा लिहिताना कोणता उल्लेख महत्त्वाचा ठरणार ते लेखकालाच ठाऊक नसतं. तिसऱ्या प्रकरणात कर-दरांची माहिती दोन ओळींत येते, तेव्हा ती मोलाची वाटते. नवव्या प्रकरणात त्याच विषयावर चार पानं होतात. मग तिसऱ्या प्रकरणातली खूण वाचकाला चुकीच्या जागी नेते.

आणि शेवटी का नको

वेळ उरत नाही, हे कारण आहेच. त्याहून मोठं कारण असं की सूची करणारा माणूस सगळं गाइड एका दमात, एकेका शब्दावर बोट ठेवून वाचतो. असं वाचन दुसरं कोणी करत नाही. त्यामुळे तपासणीत न सापडलेले दोष त्याला सापडतात. एकाच गोष्टीला प्रकरण २ मध्ये ‘ग्राहक खाते’, प्रकरण ६ मध्ये ‘पार्टी’ आणि प्रकरण ११ मध्ये ‘लेजर’ म्हटलेलं असतं. ‘याविषयी पुढे पाहू’ असं लिहिलेलं असतं आणि पुढे काहीच नसतं. बॅकअप घ्यायचा कसा ते तीन ठिकाणी असतं, तो परत कसा आणायचा ते कुठेच नसतं. सूचीत ‘बॅकअप’खाली ‘घेणे’ अशी उपनोंद दिसते आणि ‘परत आणणे’ दिसत नाही, तेव्हाच ते लक्षात येतं. हे दोष शेवटच्या दिवशी सापडून उपयोग नाही, ते दुरुस्त करायला दिवस हातात असायला हवेत. म्हणूनच संपादन आणि अंतिम पीडीएफ यांच्यामध्ये दोन आठवडे ठेवायला सांगितलं.

शब्दांचा तक्ता: आजपासून

एक साधी स्प्रेडशीट उघडा. पहिल्या रकान्यात नोंदीचं मान्य रूप. दुसऱ्यात वाचक त्याच गोष्टीला आणखी काय काय म्हणेल ते शब्द. तिसऱ्यात त्या शब्दांचं काय करायचं: ‘पाहा’ लिहून मान्य नोंदीकडे पाठवायचं, की तिथेच पानक्रमांक द्यायचा. चौथा रकाना टिपांसाठी, उदाहरणार्थ ‘आवृत्ती ३ पर्यंत याचं नाव वेगळं होतं’.

दुसरा रकाना भरणं हे सूचीचं खरं भांडवल आहे, आणि ते टेबलाशी बसून सुचत नाही. सपोर्टकडे आलेल्या तक्रारींचे विषय वाचा. ग्राहक तिथे स्वतःच्या शब्दांत लिहितो. टेस्टरांनी नोंदवलेल्या बगची शीर्षकं वाचा. जुन्या आवृत्तीतली मेनूची नावं घ्या, कारण जुना वापरकर्ता तीच शोधणार. वेबवर आधीचं काही असेल तर सर्चमध्ये टाइप झालेले आणि एकही निकाल न मिळालेले शब्द काढून घ्या. त्यातला प्रत्येक शब्द म्हणजे रिकाम्या हाताने परतलेला वाचक.

याच तक्त्याच्या माथ्यावर चार-पाच नियम लिहून ठेवा म्हणजे दोघांच्या नोंदी एकसारख्या येतील. नोंद नामाने सुरू करायची: ‘बॅकअप घेणे’ अशी सलग नोंद न करता ‘बॅकअप’खाली ‘घेणे’. मग ‘घेणे’, ‘करणे’, ‘बदलणे’ अशा शब्दांखाली पन्नास नोंदी गोळा होत नाहीत. क्रम शब्दागणिक की अक्षरागणिक तेही ठरवा. शब्दागणिक क्रमात ‘डेटा फाइल, डेटा साठवण, डेटाबेस’ असं लागतं, अक्षरागणिक क्रमात मधली जागा धरली जात नाही म्हणून ‘डेटा फाइल, डेटाबेस, डेटा साठवण’. दोन्ही चालतात, पण सगळीकडे एकच हवा. उपनोंदीची पातळी दोनच ठेवा. तिसरी पातळी आली की वाचक हरवतो.

‘पाहा’ कधी आणि दुहेरी नोंद कधी, यावर चमूत हमखास वाद होतो, म्हणून नियम सांगतो. मान्य नोंदीखाली उपनोंदी नसतील आणि एक-दोनच पानक्रमांक असतील तर दोन्ही शब्दांपुढे ते थेट द्या. ‘परवलीचा शब्द’ शोधणाऱ्याला एका पानक्रमांकासाठी ‘पासवर्ड’कडे पाठवणं म्हणजे त्याला विनाकारण एक खेप घालायला लावणं. पण ‘पासवर्ड’खाली आठ उपनोंदी असतील तर ‘परवलीचा शब्द: पाहा पासवर्ड’ एवढंच लिहा. दोन्हीकडे अर्ध्या अर्ध्या नोंदी, हे मात्र कधीही नको. वाचक पहिली अर्धी यादी पाहतो आणि एवढंच आहे असं समजून निघून जातो.

खुणा घालण्याची वेळ

प्रकरण खुणांसाठी तयार झालं हे ओळखायची कसोटी सोपी आहे: तांत्रिक तपासणीचे शेरे मजकुरात उतरले आहेत आणि आता मथळे बदलणार नाहीत. स्क्रीनशॉट यायचे असले तरी चालतं, भाषेवरचा शेवटचा हात बाकी असला तरीही. तुमची पाच प्रकरणं आजच या टप्प्यात आहेत. तिथूनच सुरुवात करा, बाकी नऊ प्रकरणांची वाट पाहू नका.

वेळेचा हिशोब असा. सवय असलेला माणूस तासाला आठ ते दहा पानांना खुणा घालतो. २८० पानांना साधारण ३० ते ३५ तास. दिवसाला सहा तासांच्या वर हे काम नीट होत नाही, लक्ष उडतं. म्हणजे पाच-सहा दिवस, तेही सलग नव्हे, पुढच्या सहा आठवड्यांत विखुरलेले. पानामागे सरासरी पाच नोंदी धरल्या तर सूचीत १,२०० ते १,४०० ओळी होतील. दोन कॉलममध्ये पानाला शंभर ओळी मावतात, तेव्हा १२ ते १४ पानांची सूची. गाइडच्या पाच टक्क्यांच्या आसपास आली, म्हणजे प्रमाण ठीक आहे. चार पानांत आटोपली तर काहीतरी राहून गेलंय. तीस पानं झाली तर येता-जाता आलेले उल्लेखही आत शिरलेत.

दोघं लिहिणारे असलात तरी खुणा एकानेच घाला. दुसऱ्याने नंतर यादी तपासावी. एकाच परिच्छेदाला दोन माणसं दोन नावं देतात, आणि मग ती जुळवण्यात वाचवलेला वेळ निघून जातो.

खूण घालण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: वाचक सूचीवरून या पानावर आला, तर त्याला इथे काही मिळेल का? मिळणार असेल तर खूण. नुसतं नाव आलं असेल तर नाही. एक उदाहरण जवळून पाहू. समजा ‘आपोआप बॅकअप’ नावाचा दीड पानाचा भाग आहे. त्यात रोज ठरावीक वेळी बॅकअप कसा लावायचा, फाइल कोणत्या फोल्डरमध्ये जाते, किती दिवसांच्या फाइली ठेवल्या जातात आणि डिस्क भरली की ‘जागा अपुरी आहे’ असा संदेश येतो, हे सांगितलंय. वाटेत एका वाक्यात ‘हे काम फक्त ॲडमिन करू शकतो’ असं आहे. खुणा अशा पडतील:

बॅकअप: आपोआप घेणे
बॅकअप: वेळ ठरवणे
बॅकअप: फाइलींची जागा
बॅकअप: जुन्या फाइली, किती दिवस राहतात
‘जागा अपुरी आहे’ संदेश
डिस्क भरणे
ॲडमिन: बॅकअपचे अधिकार

शेवटची नोंद अनेकांना अनावश्यक वाटेल. पण ‘ॲडमिन काय काय करू शकतो’ हे शोधणाऱ्याला ती बंधनाची एक ओळ फार कामाची आहे. उलट याच भागात ‘सॉफ्टवेअर सुरू असताना’ असे शब्द आले म्हणून ‘सॉफ्टवेअर’ला खूण घालायची नाही. एरर संदेश मात्र एकही सोडू नका, आणि संदेश पडद्यावर दिसतो तसाच, अक्षरशः, नोंदवा. अडलेला माणूस हातात तेवढाच धागा घेऊन सूचीकडे येतो.

वर्डमध्ये ऑल्ट-शिफ्ट-एक्स दाबलं की खुणेचा डबा उघडतो. मुख्य नोंद, उपनोंद, ‘पाहा’साठी वेगळी जागा, सगळं तिथेच आहे. खूण मथळ्यात घालू नका, मथळ्याखालच्या पहिल्या परिच्छेदाच्या सुरुवातीला घाला. परिच्छेदाच्या शेवटी घातली आणि परिच्छेद दोन पानांत तुटला तर पानक्रमांक पुढच्या पानाचा येतो आणि वाचक विषयाच्या शेपटाशी पोहोचतो. विषय सलग दोन-तीन पानं चालत असेल तर त्या मजकुराला बुकमार्क देऊन खुणेत पानांची व्याप्ती निवडा, म्हणजे ‘४२–४५’ असं येईल.

आता तुमच्या ३१ पानक्रमांकांबद्दल. हे बहुतेक ‘सगळीकडे खूण करा’ या बटणाचं किंवा शब्दांची फाइल देऊन आपोआप खुणा घालण्याचं फळ आहे. ते बटण शब्द जुळला की प्रत्येक परिच्छेदात एक खूण टाकतं, तिथे त्याविषयी काही सांगितलंय का हे त्याला कळत नाही. मराठीत त्याची दुसरी बाजूही नडते. आपली नामं सामान्यरूप घेतात. ‘खाते’ शोधायला सांगितलं तर ‘खात्यात’, ‘खात्याचा’ हे शब्द जुळतच नाहीत, कारण त्यात ‘खाते’ ही अक्षरं त्या क्रमाने नसतात. म्हणजे नको तिथे ढीग आणि हवं तिथे रिकामं. ते बटण वापरू नका.

आणखी एक सापळा आहे. खूण घातली की वर्ड लपलेला मजकूर दाखवायला लागतो. तो दिसत असताना पानांवर जास्त जागा व्यापतो, त्यामुळे पानं पुढे सरकतात. त्याच अवस्थेत सूची ताजी केली तर सगळे पानक्रमांक चुकतात, आणि चूक गाइडच्या शेवटाकडे वाढत जाते. सूची ताजी करण्याआधी तो दिसणं बंद करा. प्रकरणं वेगवेगळ्या फाइलींत ठेवत असाल तर आरडी फील्डने, म्हणजे दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणाऱ्या संकेताने, त्यांची एकत्र सूची काढता येते, पण प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा पानक्रमांक तुम्हालाच द्यावा लागतो. तो विसरला की प्रत्येक प्रकरण पान १ पासून मोजलं जातं.

तीन प्रकरणं झाली की एकदा कच्ची सूची काढून पाहा. दहा मिनिटांचं काम आहे. नोंदी फार बारीक होताहेत की फार ढोबळ, हे तेव्हाच दिसतं, आणि तीनच प्रकरणं दुरुस्त करावी लागतात.

संपादन

आठव्या आठवड्यात मजकूर गोठवा आणि पूर्ण सूची काढा. यासाठी दोन-तीन दिवस बाजूला ठेवा. शक्यतो कागदावर छापून वाचा, पडद्यावर सरकवत वाचलं तर वर-खाली आलेल्या जुळ्या नोंदी सुटतात.

सगळ्यात आधी लांब रांगा शोधा. एका नोंदीपुढे पाच-सहापेक्षा जास्त पानक्रमांक आले की तिला उपनोंदी हव्यात. समजा यादीत असं आलं:

पासवर्ड १२, १८, १९, ४७, ८८, १०३, १४०, १४१, २१२

हे बघून कोणी नऊ पानं उलटणार नाही. ती नऊ पानं उघडून पाहिली की कळतं, ४७ आणि १०३ वर नुसता उल्लेख आहे. ते काढा. उरलेल्याचं असं होतं:

पासवर्ड
  किती अक्षरांचा हवा १८–१९
  चुकीचा दिल्यावर खाते बंद होणे १४०–१४१
  पहिल्यांदा ठरवणे १२
  बदलणे ८८
  विसरल्यास २१२

पानं तीच, पण आता अडलेला वाचक एकाच नजरेत २१२ वर जातो. तुमच्या ‘सेटिंग्ज’वरही हाच इलाज. बहुतेक वेळा असं दिसेल की ‘सेटिंग्ज’ हा शोधण्याचा शब्दच नाही. माणूस ‘प्रिंटर’, ‘कर-दर’, ‘तारखेची मांडणी’ शोधतो. तिथे नोंदी करा आणि ‘सेटिंग्ज’खाली फक्त ‘उघडणे’, ‘मूळ स्थितीत आणणे’ अशा त्या पडद्याविषयीच्या नोंदी ठेवा.

मग जुळ्या नोंदी. ‘प्रिंटर’ आणि ‘प्रिंटर्स’, ‘सर्व्हर’ आणि ‘सर्वर’, मागे एक मोकळी जागा राहिलेला ‘अहवाल’ आणि नुसता ‘अहवाल’. मग एकुलत्या उपनोंदी: मुख्य नोंदीखाली एकच उपनोंद असेल तर दोन्ही मिळून एक ओळ करा. मग प्रत्येक ‘पाहा’ तपासा. तो जिथे पाठवतो ती नोंद आहे का? तिथून पुन्हा दुसरीकडे ‘पाहा’ नाही ना? वेगवेगळ्या ग्राहकांसाठी मजकुराचे काही भाग गाळून आवृत्त्या काढत असाल तर प्रत्येक आवृत्तीची सूची स्वतंत्र तपासा. गाळलेल्या भागाबरोबर त्यातली खूण जाते, पण तिच्याकडे बोट दाखवणारा ‘पाहा’ दुसऱ्या प्रकरणात जागच्या जागी राहतो.

या टप्प्यावरची सगळ्यात महाग चूक म्हणजे तयार यादीतच हाताने दुरुस्ती करणं. एफ९ दाबलं की यादी खुणांवरून नव्याने बनते आणि तुमचं दोन दिवसांचं काम पुसलं जातं. दुरुस्ती नेहमी मूळ खुणेत करा. थोडं कंटाळवाणं आहे, पण पुढच्या आवृत्तीलाही तीच उपयोगी पडते.

शेवटच्या आठवड्यात पीडीएफच्या आधी क्रम असा ठेवा: लपलेला मजकूर बंद, अनुक्रमणिका ताजी, सूची ताजी, मग अनुक्रमणिका पुन्हा एकदा, कारण सूचीची पानं वाढली की तिच्यानंतर येणाऱ्या भागाची नोंद हलू शकते. पीडीएफ निघाल्यावर प्रत्येक अक्षरातल्या दोन-दोन नोंदी, सगळ्या व्याप्ती आणि सगळे ‘पाहा’ प्रत्यक्ष पान उघडून जुळवा. अर्धा दिवस लागतो. एक जरी पान चुकलं तर तेवढंच सुधारून पुढे जाऊ नका, कारण शोधा. पानं सरकली असतील तर चूक एकटी नसते.

आणि सगळं ठरवूनही शेवटी दोनच दिवस उरले, तर २८० पानांवर घाईने हात फिरवू नका. तेवढ्या वेळात शंभर-सव्वाशे पानं नीट होतात. अडचणी सोडवण्याचं प्रकरण, एरर संदेश, बॅकअप आणि वापरकर्त्यांचे अधिकार हे भाग घ्या. माणूस अडतो तो तिथेच.

वेबवर सर्च असताना

सूची हवीच. साधा सर्च फक्त मजकुरात असलेला शब्द शोधतो. गाइडमध्ये सगळीकडे ‘रद्द करणे’ असेल आणि वाचकाने ‘बिल कॅन्सल’ टाइप केलं तर त्याला काहीच मिळणार नाही. तुमच्या तक्त्याचा दुसरा रकाना नेमका ही दरी भरतो. सूचीच्या खुणांमधले शब्द सर्चलाही पुरवता आले तर उत्तमच.

वेबवर मात्र वेळापत्रक थोडं बदलतं. तिथे मजकूर एकेका विषयाच्या पानाने प्रकाशित होतो, म्हणून त्या पानाच्या तीन ते सहा नोंदी पान पूर्ण झालं असं म्हणण्याच्या अटीतच धरा. जो तपासतो त्याने नोंदीही तपासाव्यात. यादीचं एकत्र संपादन दर रिलीजला एकदा. गाइड बनवण्याचं साधन निवडताना चौकशी करा, कारण सगळी साधनं सारखी नाहीत. स्फिंक्स वेबसाठीही सूचीचं पान बनवतं आणि कोडमधली फंक्शनं, क्लास त्यात आपोआप घालतं, पण ‘बिल रद्द करणे’ तुम्हालाच घालावं लागतं. आस्कीडॉक्टरमध्ये खुणा घालता येतात, पण सूची पीडीएफमध्ये येते, वेबच्या पानात नाही. डिटा आणि डॉकबुकमध्ये खुणांसाठी स्वतंत्र टॅग आहेत आणि ‘पाहा’, ‘हेही पाहा’ यांची सोय आहे. वेबच्या सूचीत पानक्रमांक नसतात, दुवे असतात. एका नोंदीपुढे ‘१, २, ३’ असे नुसते आकड्यांचे दुवे आले तर वाचकाला कुठला उघडायचा ते कळत नाही, म्हणून तिथे उपनोंदी छापील सूचीपेक्षाही जास्त लागतात.

वीस-पंचवीस पानांच्या छोट्या पत्रकाला किंवा रिलीजच्या टिपांना सूची नको. चांगले मथळे आणि अनुक्रमणिका पुरते.

‘ॲप’ शेवटी का गेला

संगणक अक्षरांना दिलेल्या क्रमांकांनुसार लावणी करतो, तेव्हा हे होतं. युनिकोड या क्रमांकांच्या पद्धतीत अ ते औ हे स्वर आधी, मग व्यंजनं येतात, पण ‘ॲ’ हे अक्षर २००८ मध्ये नंतर जोडलं गेलं आणि त्याला ‘ह’च्या, इतकंच काय, देवनागरी अंकांच्याही पुढचा क्रमांक मिळाला. त्याआधीच्या फाइलींत तेच अक्षर ‘अ’ आणि त्यावर चंद्र असं दोन खुणांनी लिहिलेलं असतं. दिसायला दोन्ही सारखेच. त्यामुळे ‘ॲप’ एकाच सूचीत दोनदाही येऊ शकतो, एकदा ‘अ’मध्ये आणि एकदा शेवटी. शोधा-बदला वापरून सगळीकडे एकच रूप करून घ्या, आणि हे खुणा घालायला सुरुवात करण्याआधी करा.

तसंच ‘ळ’चं. युनिकोडमध्ये तो ‘ल’च्या पाठोपाठ आहे, आपल्या वर्णमालेत ‘ह’च्या नंतर. म्हणून नुसत्या क्रमांकांनी ‘कळफलक’ आधी आणि ‘कस्टमर’ नंतर लागतो, हवं त्याच्या उलट. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ हे संगणकाच्या लेखी जोडाक्षरं, ते ‘क’ आणि ‘ज’च्या पोटात जातात. वर्णमालेप्रमाणे ते शेवटी हवेत.

दहा-बारा शब्दांची एक चाचणी फाइल करा: अंक, अहवाल, ॲप, ऑर्डर, कस्टमर, कळफलक, काम, क्रमांक, जमा, हप्ता, क्षेत्र, ज्ञापन. प्रत्येकाला खूण घाला, मजकुराची भाषा मराठी निवडा आणि सूची काढून पाहा. क्रम चुकला तर डॉकबुक, डिटा आणि लाटेकमध्ये नोंदीला लावणीसाठी वेगळं रूप देता येतं: दिसतो ‘ॲप’, पण लावला जातो तुम्ही दिलेल्या रूपाने. वर्डमध्ये क्रम जमला नाही, तर तेवढ्या नोंदी अंतिम पीडीएफच्या अगदी आधी, सूची शेवटची ताजी केल्यानंतर हाताने जागेवर न्या. तयार यादीला हात लावू नये या नियमाला एवढा एकच अपवाद आहे, आणि कोणत्या नोंदी हलवल्या ते तक्त्याच्या चौथ्या रकान्यात लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या आवृत्तीला त्या पुन्हा शोधाव्या लागणार नाहीत.